पाखरांचा हिशेबनीस

जानेवारी उजाडला, की मुंबईच्या किनाऱ्यांवर आणि खाडीकाठी ओहोटीच्या वेळी काही माणसे दिसू लागतात. गळ्यात दुर्बीण, हातात वही किंवा अलीकडे मोबाइल, पाय घोट्यापर्यंत चिखलात. कोणी शाळेतली शिक्षिका असते, कोणी डॉक्टर, कोणी कॉलेजचा विद्यार्थी, कोणी माझ्यासारखा पेन्शनर. ही मंडळी पाणपक्ष्यांची गणना करतात. ओल्या वाळूवर तुरुतुरु धावणारे चिखल्या, चिखलात चोची खुपसणारे टिलवे, तुतवार आणि पाणटिवळे मोजून कागदावर उतरवतात. त्यांना पगार नाही, भत्ता नाही. रविवारची झोप मोडल्याबद्दल घरच्यांची बोलणी मात्र आहेत.

ही गणना भारतीय उपखंडात १९८७ साली सुरू झाली आणि पुढे आशियाभर पसरली. त्याच १९८७ साली डॉ. सलीम अली वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत निवर्तले. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या हा निव्वळ योगायोग. पण या बिनपगारी मोजणाऱ्यांचे कूळ शोधू गेले, तर वाट त्यांच्याच दाराशी जाऊन थांबते.

सलीम अली म्हटले की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येते. पांढरी दाढी, कृश अंगकाठी, पद्मविभूषण, राज्यसभेतले आसन. हे सारे खरे, पण उतारवयातले. मला अधिक जवळचे वाटतात ते त्याआधीचे सलीम अली. पदवी नसलेले, धंद्यात खोट खाल्लेले, चौतिशीत बेकार झालेले आणि तरीही वहीत नोंदी करण्याचे न थांबलेले. माझी सारी नोकरी बँकेच्या खतावण्यांत गेली, त्यामुळे असेल, पण या माणसाच्या आयुष्याकडे मी एका हिशेबनिसाचे आयुष्य म्हणूनच पाहतो. आणि ही नुसती उपमा नव्हे. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र यांचे रीतसर धडे घेतले होते.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. भावंडांत सर्वांत धाकटे. वडील गेले तेव्हा सलीम वर्षाचा होता, आई गेली तेव्हा तीन वर्षांचा. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या पोरक्या भाचरांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन. भाच्याच्या हाती छऱ्यांची बंदूक लवकर आली. त्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला, आणि ती कोणती चिमणी हे विचारायला मामांनी पोराला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना पाठ झाली आहे, म्हणून ती पुन्हा रंगवून सांगत नाही. मात्र ज्या दारातून तो मुलगा आत गेला, ते दार कसले होते हे सांगायला हवे.

ही सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ हौशी माणसांनी स्थापन केली. त्यांत सहा गोरे होते आणि दोन आपले: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. आठांपैकी कोणाचेही पोट पशुपक्ष्यांवर चालत नव्हते. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात भरल्या, आणि लवकरच सोसायटीचा संसार फिप्सन या मद्याच्या व्यापाऱ्याच्या पेढीत हलला. सलीमला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवणारे मिलर्ड साहेब त्याच पेढीतले आणि सोसायटीचे मानद सचिव. दिवसा दारूच्या पिंपांचा हिशेब, फावल्या वेळात पाखरांचा. हिंदुस्थानातले पक्षिशास्त्र असे फावल्या वेळात उभे राहिले.

सलीमला मात्र फावला वेळ आणि कामाचा वेळ यांत फरक करता आला नाही. मॅट्रिक जेमतेम झाले. १९१४ मध्ये ब्रह्मदेशात तव्हॉय येथे कुटुंबाच्या टंगस्टनच्या खाणी आणि लाकडाचा धंदा पाहायला त्यांना पाठवण्यात आले. तिथले जंगल पाहता धंद्याचे काय झाले असेल हे सांगण्याची गरज नाही. मधे मुंबईत येऊन हिशेबशास्त्र आणि सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या आग्रहामुळे प्राणिशास्त्र असे दोन्ही शिकले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमीना बेगमशी लग्न झाले, पुन्हा ब्रह्मदेश झाला, आणि १९२४ मध्ये गाशा गुंडाळून ते कायमचे परतले. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात जागा मिळाली नाही. अखेर १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्ग विभागात महिना ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नेमणूक झाली. त्या काळी हा पगार काही वाईट नव्हता. दोन वर्षांत कंटाळून त्यांनी अभ्यासरजा काढली आणि बर्लिन गाठले.

बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेसेमान हा गुरू भेटला, आणि त्याच वास्तव्यात उत्तर समुद्रातले हेल्गोलँड नावाचे चिमुकले बेटही पाहायला मिळाले. समुद्र ओलांडून थकलेले स्थलांतरी पक्षी या बेटावर उतरतात. तिथल्या पक्षीकेंद्रात त्यांना नरसाळ्यासारख्या जाळीत अलगद पकडायचे, पायात क्रमांक कोरलेले ॲल्युमिनियमचे कडे घालायचे आणि सोडून द्यायचे, असे काम चाले. सलीम अली ते हाताने शिकले. ज्यांनी बँकेत दिवस काढले आहेत त्यांना हे चटकन उमगेल. कडे म्हणजे खाते क्रमांक. पक्षी सोडला, की खाते उघडले. पुढे कधी, कुठे त्याची नोंद होईल ते सांगता येत नाही. बहुतेक खात्यांत दुसरी नोंद कधीच पडत नाही. पण हजारांत जी थोडी पडते, तिच्यातून पाखराचा अख्खा प्रवास हाती लागतो.

१९३० मध्ये परत आले, तर म्युझियममधली जागाच पैशांअभावी रद्द झालेली. तेव्हा हे जोडपे समुद्रापलीकडे अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. हातात काम नाही, वेळ भरपूर. शिडी लावून, आडोसा करून सलीम अली महिनोन्महिने त्या घरट्यांची टिपणे घेत बसले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर आत बिऱ्हाड थाटते, मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे अर्धे घरटे विणायला घेतो. हा सारा व्यवहार त्यांनी तारीखवार मांडला. १९३१ मध्ये तो निबंध सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव झाले. एखाद्याच्या बेकारीतून देशाला इतके मिळाल्याची उदाहरणे थोडी असतील.

मग त्यांनी सोसायटीपुढे एक प्रस्ताव ठेवला. संस्थानांमधल्या पक्ष्यांची पाहणी झालेली नाही. ती मी विनामोबदला करतो. संस्थानांनी फक्त तंबू, बैलगाड्या आणि प्रवास यांचा खर्च उचलावा. हैदराबादपासून सुरुवात झाली. पुढे कोचीन, त्रावणकोर, म्हैसूर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. आज आपण ज्याला स्वयंसेवा म्हणतो ती हीच. पण असल्या स्वयंसेवेमागे कोणाचे तरी घर राबत असते, आणि चरित्रे लिहिणारे तिकडे घाईने पाहतात. तेहमीना इंग्लंडात वाढल्या होत्या. त्या तंबूत राहिल्या, छावणीचा संसार चालवला, पैशांची ओढाताण सोसली. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. मूलबाळ नव्हते. सलीम अली बहीण कम्मू आणि मेहुणे यांच्या घरी राहायला आले आणि उरलेली जवळजवळ अर्धी शतकी त्या घराच्या आधाराने काम करीत राहिले. बहिणीचे आणि मेहुण्यांचे नाव पक्षिशास्त्राच्या इतिहासात कुठेतरी ठळक अक्षरांत यायला हवे होते, असे मला वाटते.

ते भाबडे पक्षिप्रेमी नव्हते हेही सांगितले पाहिजे. पाहणीत नमुने गोळा करायला त्यांनी आयुष्यभर बंदूक वापरली, आणि त्याविषयी त्यांना खंत नव्हती. पक्षी नक्की कोणता हे हातात घेतल्याशिवाय ठरत नाही, असे ते मानीत. आजच्या किनाऱ्यावरच्या कार्यकर्त्यांना हे रुचणार नाही. पण त्या काळी दुर्बिणी कमी होत्या आणि सोबत नेण्याजोगी पुस्तके तर जवळजवळ नव्हतीच. ती उणीव त्यांनीच १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक काढून भरली. कारकून, वकील, मास्तर अशा कोणालाही पक्षी न मारता ओळखता यावा, अशी सोय त्या पुस्तकाने झाली. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेले दहा खंड (१९६८ ते १९७४) विद्वानांसाठी आहेत. आज किनाऱ्यावर उभी असलेली फौज तयार केली ती मात्र या एका पुस्तकाने.

नोंद खरी असण्याचे मोल किती, याचा एक दाखला त्यांच्याच वर्तुळातला आहे. १९३७ मध्ये ते कर्नल माइनर्त्झहागन या इंग्रज पक्षितज्ज्ञाबरोबर अफगाणिस्तानात फिरले. हा गृहस्थ संग्रहालयांतले नमुने चोरून त्यांवर खोट्या जागा आणि खोट्या तारखा लिहीत असे, हे १९९० च्या दशकात उघड झाले. एका रानपिंगळ्यावर त्याने गुजरातेतल्या मांडवीची १९१४ ची चिठ्ठी लावली होती. नंतरच्या शोधकांची त्या एका नोंदीने दिशाभूल झाली. ती बाद केल्यावर, १९९७ मध्ये, रानपिंगळा सापडला तो आपल्या खानदेशात, शहाद्याजवळ. बँकेत खोटी एंट्री निदान वर्षअखेरीच्या तपासणीत सापडते. ही अनेक वर्षे खपून गेली.

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांकडे, म्हणजे आपल्या मूळ विषयाकडे, सलीम अलींना खेचून आणले ते एका तापाने. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे दगावली. या रोगाचा विषाणू उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून आला काय, अशी शंका निघाली. पण कोणता पक्षी कुठून येतो हेच कोणाला नीट ठाऊक नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा मिळाला, आणि हेल्गोलँडला शिकलेली विद्या तीस वर्षांनी कामी आली. भरतपूर, तामिळनाडूतले कोडियाकरई अशा ठिकाणी मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याचे काम सुरू झाले. पक्षी पकडायला बिहारातले मीरशिकार आणले. पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरून विकणाऱ्या या लोकांइतके हलके हात कोणाचे नव्हते. कड्यावर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवण्याची विनंती कोरलेली असे. भारतात कडे घातलेल्या पक्ष्यांची खबर सोव्हिएत संघातून, सैबेरियातून येऊ लागली.

पुढे अमेरिकी लष्कराचा पैसा या कामात आला. त्यामुळे हा जंतुयुद्धाचा डाव तर नव्हे, असा गदारोळ १९७० च्या दशकात दिल्लीत उठला, आणि सोसायटीला खुलासे द्यावे लागले. पैसा कोणाचा, हे सलीम अलींनी पुरेसे तपासले नाही असे माझे मत आहे. कामातून मिळालेले ज्ञान मात्र निखळ होते.

ते ज्ञान काय सांगते? छोटा टिलवा नावाचा पक्षी पंचवीस ग्रॅमचा, म्हणजे पाव किलोचा दहावा हिस्सा. तो वीण करतो ध्रुवाजवळच्या बर्फाळ माळांवर आणि हिवाळा काढतो आपल्या चिखलात. बाकदार चोचीचा तुतवार उत्तर सैबेरियातून येतो. परतीच्या प्रवासाआधी यांना अंगावर चरबी साठवावी लागते. तेच त्यांचे इंधन. खाणे मिळते फक्त ओहोटीला, जेव्हा पाणी हटून किडे, गोगलगायी आणि बारीक कालवे उघडी पडतात. आखूड चोचीचे पक्षी वरचे टिपतात, लांब चोचीचे खोलवरचे ओढतात, म्हणून एकाच चिखलावर डझनभर जाती भांडणाशिवाय जेवतात. भरती आली, की पान उचलले. अशा मोजक्या तासांत भटके कुत्रे मागे लागले, घोडागाडी थव्यात घुसली किंवा कोणी छायाचित्रासाठी सारा थवा उडवला, तर खाणे बुडते आणि साठवलेली चरबी उडण्यात खर्च होते. जमा कमी, खर्च जास्त. काही चिखल्या तर अंडीही उघड्या वाळूवर, नुसत्या खळग्यात घालतात. ती वाळूच्याच रंगाची असल्यामुळे कावळ्यापासून कदाचित वाचतील, क्रिकेटच्या चेंडूमागे धावणाऱ्या पायापासून नाही.

इथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. किनारा स्वच्छ ठेवायला येणारे स्वयंसेवक आणि पक्षी मोजायला येणारे स्वयंसेवक, दोघेही सज्जन. पण यंत्राने पार विंचरलेल्या वाळूत लाटांनी आणलेले शेवाळही उरत नाही आणि त्यातले किडेही. आपल्याला स्वच्छ दिसणारा किनारा पाखराला रिकामे ताट असतो. प्लास्टिक हाताने उचला, शेवाळ राहू द्या, हे मोजणारे मोजून मोजून शिकले.

मोजणे आणि मत यांचा झगडा सलीम अलींच्या आयुष्यात सर्वांत तीव्र झाला तो भरतपुरात. हे तळे राजेरजवाड्यांचे शिकारीचे ठिकाण. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तारीख १२ नोव्हेंबर, नेमका सलीम अलींचा वाढदिवस. स्वातंत्र्यानंतर तळे कोरडे करून शेती करण्याची मागणी निघाली, तेव्हा त्यांनी नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवले. तळे आज आहे ते त्यामुळे. पण १९८० नंतर राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तिथे गुरे चारण्यास बंदी आली, आणि त्या बंदीमागे सलीम अलींच्या शब्दाचे वजन होते. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली.

आणि मग काय दिसले? म्हशी गेल्या, गवत माजले, उथळ पाणी तणाने भरले, पक्ष्यांना उतरायला जागा कमी झाली. हे सांगितले कोणी? त्यांच्याच सोसायटीने, दहा वर्षे तिथे ठिय्या देऊन केलेल्या अभ्यासानंतर. त्यांचीच संस्था, त्यांचीच मोजण्याची रीत आणि निष्कर्ष त्यांच्या मताविरुद्ध. तो अभ्यास पुरा झाला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. मेलेल्या गावकऱ्यांचा हिशेब मात्र कोणत्याही अहवालाने चुकता होत नाही. किनाऱ्यावरून कोळ्यांना, खाडीतून मासे वेचणाऱ्या बायकांना हटवा म्हणजे पक्षी वाचतील, असे सुचवणाऱ्या शहरी मित्रांना मी दर वेळी भरतपूरची आठवण करून देतो.

पैशांच्या बाबतीत हा माणूस काटेकोर, प्रसंगी कंजूष वाटावा असा. पण १९७६ मध्ये गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम मिळाली, ती त्यांनी सोसायटीच्या स्वाधीन केली. मोटारसायकलचा शोक मात्र जपला. १९५० मध्ये स्वीडनमधल्या पक्षितज्ज्ञांच्या परिषदेसाठी आपली सनबीम गाडी जहाजातून युरोपात नेली आणि तिच्यावरून प्रवास केला. तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते.

त्यांच्या मागे राहिलेल्या हौशी मंडळींची आजची बेरीज पाहण्यासारखी आहे. भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला देशव्यापी अहवाल २०२० मध्ये निघाला, तो हौशी निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर उभा होता. २०२३ च्या अहवालामागे सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी होत्या. दोन्हींतून दिसले ते असे, की किनाऱ्यावर उतरणारे स्थलांतरी पक्षी हे सर्वाधिक घटणाऱ्या गटांपैकी आहेत. एकट्या कोणाच्या वहीतून हे कधी उमगले नसते. माणसाला नेहमीच वाटते, की गेल्या वर्षी जास्त होते किंवा यंदा बरे आहेत. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, त्यामागेही अशी वर्षानुवर्षांची मोजदाद आहे. दुसरीकडे शिवडीच्या चिखलावरून जाणारा सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याखाली पूर्वी किती पक्षी होते हे सांगता येते, कारण ते आधी मोजले होते. उरणच्या बुजवलेल्या पाणथळींपैकी ज्यांची मोजणी कोणी केली नव्हती, त्यांच्याविषयी न्यायालयात काय सांगणार?

या मोजणाऱ्यांच्या शिस्तीत एक गोष्ट मला विशेष आवडते. पक्षी दिसला नाही, तर रकाना मोकळा सोडायचा नाही, शून्य लिहायचे. आमच्या बँकेत याला निरंक विवरण म्हणत. प्रकरण एकही नसले तरी महिनाअखेर निरंक असे लिहून, सही करून पाठवावे लागे, आणि नवे कारकून त्याला हसत. मोकळ्या रकान्याचा अर्थ कोणी पाहिलेच नाही असाही होतो. शून्याचा अर्थ एकच: माणूस तिथे उभा होता, त्याने पाहिले, आणि पक्षी नव्हता.

भरतपूरला सैबेरियाहून पांढरे क्रौंच येत. सलीम अलींनी ते तळे वाचवण्यासाठी जिवाचे रान केले, त्यातले एक कारण हे क्रौंच. १९६० च्या दशकात ते शंभरहून अधिक होते, मग दर हिवाळ्यात कमी होत गेले. २००२ मध्ये शेवटची जोडी दिसली. तिथे जाणारे निरीक्षक पुढच्या हिवाळ्यांतही त्या रकान्यापुढे शून्य लिहीत राहिले.